ड्रॉपर ‘गेला’ म्हणण्याआधी केबल सोडून बघा

प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपूर्वी घेतलेली ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल. तिला केबलवर चालणारा, १५० मिमी खाली-वर होणारा, ३१.६ मिमी जाडीचा ड्रॉपर, म्हणजे हँडलवरच्या लिव्हरने सीट खाली-वर करणारा सीटपोस्ट. पावसाळाभर पुण्याच्या टेकड्यांवर सायकल हाणली. गणपतीच्या सुमारास सीट बसल्यावर थोडी खाली जायला लागली, म्हणून एका दुकानात क्लॅम्प आवळून घेतला. मग ती वर यायला वेळ लावू लागली, म्हणून केबल ताणून घेतली. आता शेवटचे दोन इंच सीट हाताने ओढावी लागते, बसल्यावर सेंटिमीटरभर खाली जातेच, आणि सीटचं नाक डावीउजवीकडे हलतं. दुकानदार म्हणतो, ‘कार्ट्रिज संपलं, नवा पोस्ट घ्या.’ घ्यावा का?

लगेच घेऊ नका. मी गेली बारा-तेरा वर्षं सायकली दुरुस्त करतोय. ‘मेलेला’ म्हणून माझ्यासमोर आलेल्या ड्रॉपरांपैकी खरोखर आतून मेलेले थोडेच असतात. बाकीच्यांचा गळा कुणीतरी धरलेला असतो: चिखलाने, चुकीच्या ग्रीसने, क्लॅम्पने नाहीतर केबलने. तुमच्याकडे मला दोन वेगळे बिघाड दिसतात, आणि एकावर केलेला इलाज दुसऱ्याला भोवलाय. क्लॅम्प आवळला तिथे पोस्ट अडकायला लागला. अडकतोय म्हणून केबल ताणली, तिथे तो बसायला लागला. पाणी तिथे मुरतंय. (खरंखुरं पाणीही मुरलेलं असणार, त्यावर पुढे येतो.)

आधी आत काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढच्या चाचण्या कशासाठी ते कळेल. ऑफिसची फिरती खुर्ची आठवा. दांडी उचलली की खुर्ची वर येते, सोडली की तिथेच थांबते. ड्रॉपर म्हणजे तेच. आतल्या बंद नळकांड्यात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, दाबाखाली गॅस असतो, तो दांडा बाहेर ढकलत राहतो. हँडलवरच्या लिव्हरने एक झडप उघडते; उघडी असेतो सीट वर येते किंवा वजनाने खाली जाते, बंद झाली की जागेवर पक्की. फरक एवढाच की खुर्चीत अडवून धरायचं काम गॅसच करतो, म्हणून धपकन बसलं की खुर्ची किंचित दबते. चांगल्या ड्रॉपरमध्ये अडवायचं काम तेल करतं, आणि तेल दबत नाही. म्हणून ठणठणीत ड्रॉपरवर बसल्यावर काहीच हलता कामा नये. तुमचा ड्रॉपर खुर्चीसारखा दबून पुन्हा वर येत असेल, तर आतला गॅस तेलाच्या बाजूला शिरलाय. दबून तिथेच राहत असेल, तर गोष्ट निराळी. हा भेद लक्षात ठेवा, सगळं निदान त्यावर आहे.

आणि एक आत्तापासूनच पाळा: सीट खाली असताना, लिव्हर न दाबता, सीटला धरून सायकल उचलू नका. जिन्यावरून नेताना आपण सगळेच हे करतो. झडप बंद असताना दांडा बाहेर ओढला गेला की आत निर्वात तयार होतो आणि गॅस सीलच्या कडेने तेलात घुसू शकतो. शेवटचे दोन इंच तुम्ही हाताने ओढताय, ते तरी लिव्हर पूर्ण दाबूनच ओढा.

पहिली चाचणी अर्ध्या मिनिटाची. लिव्हर दाबून सीट पूर्ण खाली बसवा, लिव्हर सोडा. आता फ्रेमवरचा सीट क्लॅम्पचा बोल्ट एक-दीड वेढा सैल करा आणि पुन्हा लिव्हर दाबा. क्रम हाच ठेवा. आधी बोल्ट सैल करून मग सीट खाली दाबलीत तर अख्खा पोस्टच फ्रेममध्ये घुसेल. सीट सुर्रकन वर आली? मग तुमचा अर्धा आजार कळला. ड्रॉपरची बाहेरची नळी पातळ असते. क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळला की ती नळी आत दबते, आतल्या बुशांवर (सरकत्या नळीला धरणाऱ्या कड्यांवर) चावते, आणि वरची चकचकीत नळी त्यातून घासत वर येते. शेवटच्या दोन इंचांत ते सर्वांत जाणवतं, कारण तिथे गॅसचा जोर सर्वांत कमी असतो. बहुतेक पोस्टांना ५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. फ्रेमवर किंवा क्लॅम्पवर आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. टॉर्कचा पाना नसेल तर निदान ॲलन कीचं आखूड टोक हातात धरून आवळा, लांब टोकाला पाइप लावून नव्हे. मी असा पाइप लावलेला पाहिलाय, म्हणून सांगतो.

‘पण सैल ठेवला तर पोस्ट घसरतो ना!’ घसरत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे. मुळात घसरतोय का ते आधी बघा. चकचकीत नळीवर नव्हे, खालच्या काळ्या नळीवर, फ्रेमच्या अगदी वरच्या काठाला लागून इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. अर्धा तास चालवा, दोनतीनदा दगडांवरून धडधडत उतरा. टेपचा काठ फ्रेमवर चढून चुरगळला असेल तर तुमचं ते ‘सेंटिमीटरभर’ कार्ट्रिजचं नाहीच. अख्खा पोस्ट फ्रेममध्ये सरकतोय. बहुतेक वेळा आत ग्रीसचा थर आणि ओला मळ एकत्र झालेला असतो. पोस्ट काढा, फ्रेमची नळी आणि पोस्टचा बाहेरचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा, आणि कार्बन पेस्ट लावा. नावात कार्बन असलं तरी ती ॲल्युमिनियमलाही चालते. तिच्यात बारीक रवाळ कण असतात, त्यामुळे कमी आवळूनही पोस्ट धरून राहतो. फक्त ती वरच्या चकचकीत नळीला आणि सीलला लागू देऊ नका, ते रवे तिथे पॉलिश पेपरचं काम करतील.

पोस्ट बाहेर काढायचं ठरलंच, तर तो नुसता वर खेचू नका. केबलचा आउटर, म्हणजे तिच्यावरचं आवरण, फ्रेममधून हँडलपर्यंत गेलेला असतो. एका हाताने हँडलजवळून आउटर फ्रेममध्ये ढकलत जा, दुसऱ्या हाताने पोस्ट वर घ्या. घालताना उलट: पोस्ट खाली जाईल तसतसा पुढून आउटर हलकेच ओढून घ्यायचा. हे न करता पोस्ट कोंबला की आउटरची आत गुंडाळी होते, पोस्टच्या बुडाशी झडप उघडणाऱ्या खटक्याच्या, म्हणजे ॲक्च्युएटरच्या, तोंडाशी तो कोपऱ्यात मोडल्यासारखा वाकतो, आणि लिव्हर कितीही चांगला असो, खालची झडप अर्धीच उघडते. बाहेरून काही दिसत नाही. सीटची उंची स्वतःच कमी-जास्त करणारे यात हमखास सापडतात.

आता शीर्षकातली चाचणी. पोस्ट बाहेर आला की बुडाशी एक छोटा खटका दिसेल, तोच ॲक्च्युएटर. केबलचं टोक, म्हणजे छोटा गोल ठोकळा, त्याच्या खोबणीत बसलेलं असतं. लिव्हर दाबून सीट आधीच खाली बसवलेली असेल तर उत्तम. ठोकळा खोबणीतून सोडवा, पोस्ट उभा धरा आणि खटका बोटाने किंवा ॲलन कीने दाबा. तोंड बाजूला ठेवा. चांगला पोस्ट हनुवटीला टोला देण्याइतक्या जोरात उघडतो. पोस्ट हातात सरसर चालतो आणि सायकलवर रेंगाळतो, तर तो निर्दोष आहे. दोष केबलचा, लिव्हरचा किंवा क्लॅम्पचा. हातातही रेंगाळतो, तर पोस्ट उघडावा लागेल.

ही चाचणी मी आधी का सांगतो, ते माझ्याच फजितीतून. सुरुवातीच्या दिवसांत माझा स्वतःचा ड्रॉपर अडकायला लागला. शनिवारी रात्री जेवण उरकून बसलो, सगळा खोलला, पुसला, ग्रीस लावला, जोडला. रविवारी पहाटे टेकडीवर पुन्हा तेच. तीन तास वाया. दोष निघाला हँडलजवळ: आउटरच्या टोकाची छोटी टोपी निखळली होती आणि आउटरच्या तारा लिव्हरच्या भोकात घुसून बसल्या होत्या. दोन रुपयांची वस्तू. तेव्हापासून मी आधी केबल सोडतो आणि मगच बाकीचं बोलतो.

केबलचं गणित साधं आहे. लिव्हर अगदी थोडा, मिलिमीटर-दोन मिलिमीटर, मोकळा हलला पाहिजे आणि मग ताण जाणवला पाहिजे. हा मोकळेपणा शून्य झाला की झडप कायम किंचित उघडी राहते, आणि सीट वजनाखाली हळूहळू खाली उतरत जाते. तुमच्या केबलला दिलेल्या त्या ताणाने हेच केलं असण्याची मला दाट शंका आहे. उलट केबल फार सैल असली की झडप पूर्ण उघडत नाही आणि सीट रेंगाळते. म्हणजे सीट हळू वर येणं आणि वजनाने खाली बसणं, दोन्ही एकाच केबलने होऊ शकतं, फक्त उलट्या बाजूंनी. लिव्हरजवळचं फिरकीचं नट दोन वेढे सैल करून बघा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. तेवढ्याने सीट आपोआप सुटत असेल तर आउटर आखूड पडलाय, हँडल वळलं की तोच केबल ओढतो.

आउटर बदलायचा तर गिअरचाच, ४ मिमीचा घ्या. ब्रेकच्या आउटरमध्ये तार वेटोळी असते, ती दाबाखाली किंचित आखडते आणि लिव्हरची हालचाल खाते. कापताना पकडीने नव्हे, केबल कटरने कापा. कापल्यावर टोकाचं आतलं प्लास्टिक चपटं होतं, ते दाभणाने किंवा जाड टाचणीने उघडून घ्या. हे एवढंसं काम कुणी करत नाही, आणि पुढे सहा महिने लिव्हर जड लागतो म्हणून लिव्हरला शिव्या घालतात.

समजा केबल सोडूनही पोस्ट रेंगाळतोय. मग उघडू. घाबरण्यासारखं काही नाही, पण एक रेघ आधी ओढून घ्या: गॅसचं कार्ट्रिज हे बंद नळकांडं आहे, त्याला हात लावायचा नाही. भोक पाडायचं नाही, पकडीत धरून पिळायचं नाही, तापवायचं तर अजिबात नाही. आपण फक्त त्याच्या भोवतीच्या दोन नळ्या साफ करणार आहोत.

वरच्या आणि खालच्या नळीच्या सांध्यावर आट्यांची कडी असते, तिच्या आतच धुळीचं रबरी सील असतं. ती हाताने फिरते. न फिरल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून फिरवा. दातेरी पान्हा लावाल तर कडी कायमची चावलेली दिसेल. कडी सैल करून वर सीटकडे सरकवा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उघडलेल्या पोस्टमध्ये इथे जे दिसतं ते विसरता येत नाही: मूळचा पारदर्शक ग्रीस करड्या लेपासारखा झालेला असतो. बोटांत चोळलात तर वाळू करकरते. तुमची सीट वर यायला कंटाळते ती ह्या लेपामुळे.

इतकंच साफ करूनही पुष्कळदा भागतं. पूर्ण साफ करायचं तर बुडाकडून ॲक्च्युएटर सोडवून वरची नळी बाहेर ओढावी लागते. हा भाग मॉडेलनुसार बदलतो: कुठे आट्यांची कडी, कुठे अर्धगोल क्लिप. उत्पादकाचा व्हिडिओ बघून करा, आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा. नळी बाहेर येताना तिच्या खोबणींतून पितळेच्या तीनेक छोट्या पट्ट्या सुटतील. ह्या पट्ट्या सीटला गोल फिरू देत नाहीत. त्या पडतात. नक्की पडतात. एकदा मी गॅलरीत वर्तमानपत्रावर पोस्ट उघडला होता. एक पट्टी टपकली, घरंगळत पाण्याच्या जाळीत गेली, आणि त्या तांदळाएवढ्या पितळेच्या तुकड्यासाठी सायकल तीन आठवडे भिंतीला टेकून राहिली. आता मी स्वयंपाकघरातल्या परातीत उघडतो. घरात बोलणी खावी लागतात, पण परातीबाहेर काही जात नाही. कुठली पट्टी कुठल्या खोबणीत होती ते लिहून ठेवा. एकमेकींना घासून त्यांची जोडी जमलेली असते.

पुसायला स्वच्छ सुती फडकं, धागे न सोडणारं, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेल-पेट्रोल नको, रबराचं सील फुगतं. मग ग्रीस. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. गाड्यांच्या दुकानात डब्यात मिळणारा पिवळा किंवा लाल ग्रीस बेअरिंगांसाठी असतो. ड्रॉपरमध्ये तो गोंदासारखा वागतो. सस्पेन्शनच्या सीलसाठी बनवलेला, बोटाने पसरताना लोण्यासारखा वाटणारा पातळ ग्रीस घ्या. नळीवर, पट्ट्यांवर, बुशांवर पातळ थर, आणि सीलच्या आतल्या ओठावर थोडा जास्त. जोडून सीट चारपाच वेळा खाली-वर करा, बाहेर आलेला ग्रीस पुसून टाका. डब्ल्यूडी-४० मारल्याने पोस्ट दोन दिवस छान चालतो, कारण ते आतला ग्रीस धुऊन काढतं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येतो.

वरची कडी परत आवळताना हाताने, आणि हातानेच. काही पोस्टांमध्ये ती जास्त आवळली की सील आणि बुश नळीवर दाबले जातात आणि सीट पुन्हा रेंगाळते. इतकी मेहनत करून शेवटच्या अर्ध्या वेढ्यात माती करणारे कमी नाहीत.

आता सीटचं नाक हलतंय ते. नाक दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे होणं चालतं. नव्या पोस्टमध्येही किंचित असतं, नाहीतर नळी सरकलीच नसती. चालवताना जाणवण्याइतकं असेल तर पितळेच्या पट्ट्या झिजल्यात. त्या सुट्या मिळतात, पण बहुतेक उत्पादक त्या किंचित वेगवेगळ्या जाडीत बनवतात आणि जाडी पट्टीवर ठिपक्यांनी, रेघांनी किंवा आकड्याने दाखवतात. आहेत त्यावरची खूण बघूनच मागवा. एक माप जाड घेतली तर खेळ जाईल, दोन मापं जाड घेतली तर पोस्ट पुन्हा अडकेल. आणि त्याआधी सीटच्या रेल्स धरणारे वरचे दोन बोल्ट बघा. ‘ड्रॉपर हलतोय, कुरकुरतोय’ ह्या तक्रारींतला मोठा हिस्सा त्या सैल बोल्टांचा असतो, आणि तो ऐकायला अगदी पोस्टच्या पोटातून आल्यासारखा वाटतो.

टेपची खूण हलली नाही, केबल सैल ठेवली, पोस्ट साफ केला, आणि तरी बसल्यावर सीट सेंटिमीटरभर दबून उठल्यावर परत वर येते, तर मात्र दुकानदाराचं बरोबर: कार्ट्रिजमध्ये गॅस आणि तेल मिसळलंय. तरीही त्याच्या ‘नवा पोस्ट घ्या’शी मी सहमत नाही. तैवानमध्ये बनणाऱ्या आणि अनेक ब्रँडांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या केबलच्या ड्रॉपरांत कार्ट्रिज हा सुटा, बदलायचा भाग असतो, आणि तो नव्या पोस्टच्या किमतीच्या बऱ्याच खाली पडतो. मागवताना पोस्टचं मॉडेल, साल, जाडी आणि ट्रॅव्हल (सीट किती मिमी खाली-वर होते ते), चारही लिहा. १२५ आणि १५० ची कार्ट्रिजं लांबीने वेगळी असतात. काही पोस्टांना सीटखाली हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो. तिथे रेंगाळणं नुसती हवा कमी झाल्यामुळेही असू शकतं. भरायला शॉक पंपच हवा, टायरचा पंप नाही, आणि पोस्टवर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही. पंप काढताना जो ‘फुस्स’ आवाज होतो तो नळीतल्या हवेचा. पुन्हापुन्हा लावून तपासत बसू नका, तपासण्यातच हवा कमी होते.

तुमचा प्रश्न केबलच्या पोस्टचा आहे, पण हे वाचून रॉकशॉक्सचा रिव्हर्ब हा ड्रॉपर वापरणारे विचारतीलच. रिव्हर्ब २०१० मध्ये आला, आणि त्याच्या जुन्या पिढ्यांत लिव्हरपासून पोस्टपर्यंत केबल नसून तेलाची नळी आहे. त्याची सीट हळू येत असेल तर आधी नळीतली हवा काढा, दोन सिरिंजा लावून. तेल ‘२.५ डब्ल्यूटी’ खुणेचं (हे पातळपणाचं माप), रिव्हर्बचंच. स्रॅमच्या अनेक ब्रेकांत डॉट फ्लुइड असतं म्हणून तेच इथे भरणारे लोक आहेत. आतली सगळी सिलं त्याने जातात. त्या पिढ्यांत गॅसचा दाब २५० पीएसआय असतो. सीट दबून वर यायची त्यांची जुनी खोड पूर्ण उघडूनच जाते, ते घरी करू नका. २०२० च्या सुमारास आलेल्या पिढीत मात्र तेलात शिरलेली हवा बुडाच्या झडपेतून बाहेर सोडायची सोय दिली आहे, ते पुस्तिका वाचून करता येतं. रिव्हर्बच्या एएक्सएस ह्या बिनतारी प्रकारातला पोस्ट ढिम्म असेल तर पोस्टची बॅटरी मागच्या एएक्सएस डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बॅटरीशी अदलाबदल करून बघा, त्या एकच असतात. आणि हँडलवरच्या बटणातला सीआर२०३२ चा नाण्यासारखा सेल विसरू नका.

हे दुखणं आता टेकडीवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. २०२२ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत मातेय मोहोरिचने रोड बाइकला ड्रॉपर लावून शेवटच्या पोज्जो टेकडीचा उतार मारला आणि शर्यत जिंकली. त्यानंतर माझ्याकडे रोडवालेही चौकशीला येतात. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी काढलेली हाइट-राइट म्हणजे सीटपोस्टला लावायची नुसती एक स्प्रिंग होती. क्विक रिलीज हाताने सैल करायचा, सीट दाबायची, परत आवळायचा. तिच्यात बिघडायला फारसं काही नव्हतं, हे मला अधूनमधून हेव्याने आठवतं.

राहिलं पाणी. पोस्ट काढलात की सायकल उलटी करून बघा. फ्रेममधून अर्धी वाटी तपकिरी पाणी निघालं तर आश्चर्य वाटायला नको. ते क्लॅम्पच्या फटीतून आणि केबलच्या भोकांतून शिरतं, बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस बसतो तिथे) साचतं, आणि ॲक्च्युएटर त्याच्या वाफेत आठवडेच्या आठवडे बसून राहतो. क्लॅम्पची फट मागच्या चाकाच्या तोंडावर असेल आणि तुमचा क्लॅम्प उलटा बसत असेल, तर फट पुढे करा. जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा सांध्यावर चढवला तरी चालतं, दिसायला गबाळं दिसतं. आणि राइडवरून येताना दुचाकींच्या वॉशिंग सेंटरला थांबून प्रेशरने धुऊन घ्यायची सवय असेल तर ती आधी सोडा. ती धार सीलच्या ओठाखालून काळी माती सरळ आत ढकलते. बादली, मग आणि फडकं. धुताना सीट वर ठेवा, नळी पुसा, मग खाली करा. चिखलाने माखलेली नळी खाली दाबणं म्हणजे सीलला माती भरवणं.

तुम्ही ह्याच क्रमाने करा: क्लॅम्प सैल करून बघा, केबल दोन वेढे सोडा, टेपची खूण लावा, केबल काढून पोस्ट हातात चालवा, मग परात घ्या. पहिल्या तीन गोष्टींना पाऊण तास आणि एक टेपची गुंडाळी लागेल. एवढ्यानंतर सीट कुठे थांबते आणि बसल्यावर ती दबून परत येते की दबून राहते, हे दोनच मुद्दे कळवा. कार्ट्रिज मागवायचं का ते त्यावरून सांगतो. आणि नवा पोस्ट घ्यायचाच झाला, ३१.६ मिळत नसेल, तर ३०.९ चा घेऊन मधे शिम, म्हणजे फरक भरून काढणारी पातळ नळी, घालता येते. उलटं करता येत नाही.